समीर : संस्कृत की अरबी? नावाचा अर्थ आणि उगम

बारसेकर (धागाकर्ता)

एका बारशाची पत्रिका छापायची आहे, मराठी आणि उर्दू दोन्हींत. आई रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान, वडील साताऱ्याकडचे हिंदू. नाव पक्कं झालंय: समीर. दोन्ही घरांना चालतं, आजी-आजोबांच्या तोंडी बसतं. घोडं अडलंय अर्थापाशी. नावाखाली एका ओळीत अर्थ द्यायचा आहे. हिंदू नावांच्या पुस्तकात 'वारा' आहे, मुस्लिम नावांच्या पुस्तकात 'मनोरंजन करणारा', आणि नेटवर एका ठिकाणी चक्क 'फळ'. नाव एकच आहे की दोन? मूळ कुठलं? अरबी अर्थ नेमका काय? जाणकारांनी सांगावं. धर्मावरून भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, ही नम्र विनंती.

गावठी_पंडित

समीर म्हणजे वारा. अमरकोश, स्वर्गवर्ग, वायूची नावं: 'समीरमारुतमरुज्जगत्प्राणसमीरणाः'. एकाच ओळीत समीरही आहे आणि समीरणही. विषय संपला.

शब्दवेडी

पंडितजी, विषय अर्धाच संपला. :)

नावं दोन आहेत. ती ऐकायला सारखी आहेत, पण त्यांचे सांधे वेगवेगळ्या जागी आहेत. सांधा कुठे आहे ते पाहिलं की गोंधळ राहत नाही.

संस्कृत समीर: सम् + ईर. 'सम्' उपसर्ग, 'ईर्' धातू, 'ईर गतौ कम्पने च', म्हणजे हलणं, हलवणं. याच धातूला 'प्र' लावला की प्रेरणा, 'उद्' लावला की उदीरण. म्हणजे समीर आणि प्रेरणा ही सख्खी भावंडं. यातली 'ई' धातूची आहे, तिला हात लावता येत नाही. 'सम' काढून घेतला तरी 'ईर' उरतो.

अरबी समीर: इथे उपसर्ग नाही. स-म-र ही तीन व्यंजनं म्हणजे धातू आणि मधली 'ई' साच्यातून आलेली. समर म्हणजे रात्रीच्या गप्पा, समर करणं म्हणजे रात्र जागवत बोलत बसणं. 'ई' बदलली की शब्द बदलतो: सामिर, मुसामिर, मुसामरा. 'स' काढला तर हातात काहीच राहत नाही.

म्हणजे एकीकडे 'स' वरून लावलेला आणि 'ई' मुळातली, तर दुसरीकडे 'स' मुळातला आणि 'ई' वरून आलेली.

कट्टेकरी

रात्री दोनपर्यंत इथे गप्पा हाणणारे आपण सगळे समीरच की मग!

मूळपुरुष

अरबांनी संस्कृतातून उचललंय, दुसरं काय. शून्य गेलं, अंक गेले, तसं नावही गेलं असणार.

बगदादी_वाटसरू

मूळपुरुषसाहेब, शून्य आणि अंक इथूनच गेले, त्याबद्दल वाद नाही. पण उसना शब्द एकटा येतो, सोबत गोतावळा घेऊन येत नाही. स-म-र चा अरबीतला गोतावळा बघा: क्रियापद समर-यस्मुरु, गप्पा म्हणजे समर, गप्पांचा सोबती समीर, गप्पा मारणारा सामिर, रात्रीच्या गोष्टींचं अनेकवचन अस्मार. कुराणात २३व्या सूऱ्याच्या (अध्यायाच्या) ६७व्या आयतीत 'सामिरन' आहे, रात्री जमून वायफळ बडबडणाऱ्यांबद्दल. आता यातल्या एकाचाही वाऱ्याशी संबंध दाखवा.

शिवाय रंगाचं पोटकुटुंब वेगळंच: अस्मर म्हणजे गव्हाळ-सावळा, स्त्रीलिंगी समरा. जुने अरबी कोशकार या दोन्हींची सांगड घालतात. त्यांच्या मते समर हा मुळात चांदण्याचा रंग, आणि लोक चांदण्यात बसून बोलायचे म्हणून गप्पांनाही तेच नाव पडलं.

मूळपुरुष

चांदण्याचं आवडलं. बाकी मत राखून ठेवतो.

सुगरण_सातारा

'साचा' म्हणजे काय ते माझ्यासारख्या अडाण्याला समजेल असं सांगाल का शब्दवेडीताई?

शब्दवेडी

सुगरणताई, साचा तुम्ही रोज वापरता. वकील, वजीर, हकीम, गरीब, फकीर, अमीन. सगळे अरबी, सगळ्यांची चाल एक: पहिलं अक्षर 'अ'कारी, दुसरं दीर्घ 'ई'कारी, तिसरं शेवटी. व-क-ल चा वकील, ह-क-म चा हकीम, तसा स-म-र चा समीर. अरबी व्याकरणात या साच्याला 'फईल' म्हणतात.

दुसरा साचा 'फाइल', कर्त्याचा: हाजिर, कायम, आणि नावांमध्ये साहिल, आमिर. तिसरा 'मफऊल', ज्याच्यावर क्रिया झाली त्याचा: मंजूर, मजकूर, महसूल, मजबूत. तलाठी कार्यालयात तासभर बसलात की तिन्ही साचे कानावरून जातात.

तलाठी_नव्हे

'महसुलाचा मजकूर मंजूर, वकील हाजिर.' एका वाक्यात अरबी व्याकरण पूर्ण. हसून हसून पुरेवाट.

बगदादी_वाटसरू

फईल साच्याबद्दल एक बारकावा घालतो, कारण पत्रिकेतला अर्थ त्यावरच ठरेल.

हा साचा एकच काम करत नाही. वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपवलं तो. कतील म्हणजे मारला गेलेला. करीम म्हणजे उदारपणा ज्याच्या अंगी कायम मुरलेला तो. आणि चौथा एक गट सोबत्यांचा: जलीस म्हणजे शेजारी बसणारा, नदीम म्हणजे पेयपानाच्या बैठकीतला साथी, समीर म्हणजे रात्रीच्या गप्पांतला साथी. या गटात क्रिया एकट्याची नसते, दोघांची असते. जलीस = मुजालिस, नदीम = मुनादिम, समीर = मुसामिर.

म्हणून 'मनोरंजन करणारा' हे भाषांतर घसरतं. त्यातून समोर प्रेक्षक आणि स्टेजवर हा, असं चित्र उभं राहतं. समीर स्टेजवर नसतो, तो चटईवर शेजारी असतो. 'रात्रीच्या गप्पांचा सोबती' हा खरा अर्थ. काही पुस्तकांत 'प्रामाणिक सोबती' असतं, त्यातला 'प्रामाणिक' पुस्तकं काढणाऱ्यांनी पदरचा घातलाय.

बारसेकर

वा! हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आणि 'फळ' कुठून आलं?

उर्दूनवीस

'फळ' हा लिपीचा घोळ. उर्दूत 'स' उच्चाराची तीन अक्षरं आहेत: से, सीन, साद. अरबीत तिघांचे उच्चार वेगळे. 'से' तिकडे दातांत जीभ धरून 'थ'सारखा, 'साद' जड. आपल्याकडे तिन्हींचा सपाट 'स' होतो. 'से'ने लिहिलेला समर (अरबीत थमर) म्हणजे फळ. 'सीन'ने लिहिलेला समर म्हणजे रात्रीच्या गप्पा. देवनागरीत दोन्ही 'समर'च. कुणीतरी देवनागरी यादीवरून कोश उघडला आणि चुकीच्या पानावर जाऊन बसला.

त्यात संस्कृत समर म्हणजे युद्ध. देवनागरीत एकच 'समर', अर्थ तीन: गप्पा, फळ, लढाई.

समीर लिहिताना: सीन, मीम, ये, रे. चारच अक्षरं. 'से' नाही, 'साद' नाही.

मिरजमळा

समरकंद पण त्यातलंच का? गप्पांचा कंद? :P

बगदादी_वाटसरू

नाही हो. समरकंद अरबांच्या फार आधीचं. शेवटचा 'कंद' मध्य आशियातल्या जुन्या सोग्दी भाषेतला, अर्थ नगर. सिकंदराबरोबर गेलेले ग्रीक त्याच शहराला मरकंदा म्हणायचे. ध्वनी जुळला म्हणून नातं जुळत नाही, हाच तर या धाग्याचा विषय.

आखाती_मावळा

अवांतर: आखातातल्या दुकानांत 'समर' नावाचा मध मिळतो, काळसर आणि महाग. तो गप्पांचाही नाही आणि फळाचाही नाही. समुर म्हणजे तिकडची छत्रीसारखी पसरणारी बाभूळ, तिच्या फुलांचा मध. अक्षरं तीच, सीन-मीम-रे.

वैद्यबुवा_ऑनलाइन

अवांतरात भर. आयुर्वेदात 'समीरपन्नग रस' आहे. समीर म्हणजे वात, पन्नग म्हणजे साप. साप वारा खाऊन जगतो असा जुना समज, म्हणून वाताला गिळणारं औषध ते समीरपन्नग. पारा, गंधक, सोमल, हरताळ असला ऐवज असतो, वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. म्हणजे संस्कृत समीर नुसती मंद झुळूक नाही, सांधे धरून ठेवणारा वातही तोच.

कट्टेकरी

पत्रिकेत छापा: 'समीर, अर्थ: संधिवात.'

सुगरण_सातारा

कट्टेकरी, बाळाला तरी सोडा!

कोकणी_काजू

मुसलमान घरांच्या बाजूने थोडं लिहिते, कारण नेहमी विचारले जाणारे तीन प्रश्न आहेत.

एक, नाव चालतं का? चालतं. अर्थ चांगला, कुठल्या देवतेचा उल्लेख नाही. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजानंतर उगाच गप्पा मारत बसणं पैगंबरांना आवडत नसे अशी हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) आहे, त्यावरून कुणी नाक मुरडतं. पण बुखारीच्या हदीससंग्रहातच 'ज्ञानासाठी समर' या नावाचा स्वतंत्र भाग आहे, आणि पाहुण्यांशी व घरच्यांशी बोलण्याबद्दलचाही आहे. त्यामुळे समर हा शब्द वाईट ठरत नाही.

दोन, पुढे 'अब्दुल' लावायचं का? अजिबात नाही. 'अब्द' म्हणजे दास, त्याच्यापुढे अल्लाहचंच नाव यावं लागतं. समीर हे अल्लाहच्या नावांत नाही. आहे ते 'समी', सगळं ऐकणारा, शेवटी 'ऐन' हे अक्षर असलेलं. त्याचं होतं अब्दुस्समी. तिथे 'अल'चा 'ल' पुढच्या 'स'मध्ये विरतो, म्हणून 'अब्दुलसमी' उच्चारही चूकच. 'अब्दुल समीर' म्हणजे गप्पांच्या सोबत्याचा गुलाम!

तीन, अबजद, म्हणजे अक्षरांच्या ठरलेल्या आकड्यांची बेरीज. सीन ६०, मीम ४०, ये १०, रे २००. बेरीज ३१०. काही घरांत विचारतात, म्हणून दिलं.

गावठी_पंडित

मग आमचीही बाजू मांडतो. 'स' आद्याक्षर कुंभ राशीला. शतभिषा नक्षत्राची अक्षरं गो, सा, सी, सू, त्यात 'सा' दुसऱ्या चरणाचं. आद्याक्षर पाहताना ऱ्हस्व-दीर्घ पाहत नाहीत, 'स' आणि 'सा' एकच धरतात. काजूताई, फक्त बाळ शतभिषेच्या दुसऱ्या चरणात जन्मलेलं असलं म्हणजे झालं.

कोकणी_काजू

पंडितकाका, तेवढी जबाबदारी तुमची. :)

एक_भाबडा_प्रश्न

समीर हे अरबांमध्ये फक्त मुसलमानांचंच नाव आहे का?

बगदादी_वाटसरू

नाही, नाव भाषेचं आहे, धर्माचं नाही. लेबननमध्ये ख्रिस्ती समीर सहज सापडतात. २००५ मध्ये बैरूतला गाडीतल्या स्फोटात मारले गेलेले पत्रकार समीर कसीर ख्रिस्ती घरातले होते. कैरोच्या दार अल-हिलाल प्रकाशनाने १९५६ मध्ये मुलांचं चित्रकथांचं साप्ताहिक काढलं, त्याचं नावच 'समीर'. मुलांना गोष्टी सांगणारा सोबती, याहून चपखल नाव मिळालं नसतं. बोस्नियात समीर आणि सेमीर दोन्ही रूपं चालतात.

मूळपुरुष

आणि आपला समीर दिघे, २००१ ला चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटपर्यंत नाबाद राहिला तो? तो वाऱ्याचाच ना?

शब्दवेडी

तो वाऱ्याचाच मानायचा. पण नुसता 'समीर' ऐकून सांगता येणार नाही. कोकणात तर आडनावावरूनही नाही, देसाई आणि मुकादम दोन्हीकडे आहेत.

अशी जुळी नावं अजून आहेत. कमल आणि कमाल बघा. संस्कृत कमल म्हणजे कमळ, अरबी कमाल म्हणजे पूर्णत्व. रोमन लिपीत दोन्ही एक होतात. आपल्या हवामानाच्या बातमीत 'कमाल तापमान' येतं ते हेच अरबी कमाल. उलट कबीर जुळं नाही, निव्वळ अरबी आहे, अर्थ मोठा, आणि ते अल्लाहच्या नावांतही आहे. साहिलही निव्वळ अरबी, म्हणजे किनारा. त्याचं अनेकवचन सवाहिल, त्यावरून आफ्रिकेतल्या किनाऱ्यावरच्या भाषेचं नाव स्वाहिली.

उर्दूनवीस

आमिर आणि अमीरचाही घोळ काढून टाका. अमीर 'अलिफ'ने, अम्र म्हणजे हुकूम, त्यावरून हुकूम देणारा, सरदार. आमिर 'ऐन'ने, अर्थ भरभराटीचा, नांदता. इमारत हा शब्द याच 'ऐन'वाल्या धातूचा. मराठी कानाला फरक फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा, अरबीला पहिलं अक्षरच वेगळं.

तलाठी_नव्हे

धागा हायजॅक झालाय, पण वाचनखूण साठवली.

बगदादी_वाटसरू

समीरवर परत येतो. अरबीत एक जुनी म्हण आहे: 'मा समर इब्ना समीर', समीरचे दोन मुलगे गप्पा मारत असेपर्यंत. समीर म्हणजे इथे काळ, त्याचे दोन मुलगे रात्र आणि दिवस. 'हे मी कधीच करणार नाही' असं बजावताना वापरतात. आपल्या जुन्या सनदांत 'यावच्चंद्रदिवाकरौ' येतं ना, त्याच जातीचं.

आणि अस्मार, म्हणजे रात्रीच्या गोष्टी, हा दहाव्या शतकात बगदादमध्ये अख्खा साहित्यप्रकार होता. इब्न अल-नदीमने त्याच्या ग्रंथसूचीत नोंदवलंय की अल-जहशियारीने हजार रात्रींच्या हजार गोष्टींचा संग्रह करायला घेतला, प्रत्येक रात्रीची गोष्ट स्वतंत्र, आणि ४८० रात्री लिहून झाल्यावर तो वारला. गंमत म्हणजे ही नोंद करणाऱ्याच्या नावात नदीम आहे, समीरचा सख्खा साच्यातला भाऊ.

बारसेकर

हे सगळं पत्रिकेत मावणार नाही हो! :) एक ओळ द्या. आणि दोन व्यवहारातले प्रश्न. मुलगी असती तर समीरा ठेवता आलं असतं का? आणि इंग्रजी स्पेलिंग कुठलं?

शब्दवेडी

मराठी बाजूला: 'समीर : वारा, रात्रीच्या गप्पांचा सोबती'. मध्ये स्वल्पविराम. 'किंवा' नको, 'किंवा' घातलं की एक खरा आणि एक खोटा असं वाटतं. शुद्धलेखनाचं: मी दीर्घच. सामान्यरूपात 'वकील'चं 'वकिलाला' होतं, पण विशेषनाव म्हणून 'समीरला', 'समीरचं' असंच लिहायचं.

उर्दूनवीस

समीरा अरबीत नियमाने होणारं स्त्रीलिंगी रूप. उर्दूत शेवटी छोटी 'हे' येते, अलिफ नाही. पण सावध: जेर-जबर (ऱ्हस्व स्वरांच्या खुणा) न घालता समीरा आणि सुमैरा अगदी सारखे दिसतात, तीच अक्षरं त्याच क्रमाने. तसंच समीरही 'सुमैर' वाचता येतं. म्हणून पत्रिकेवर सीनवर जबर आणि मीमखाली जेर द्या. दोन रेघांचं काम आहे.

आखाती_मावळा

स्पेलिंग 'आय'चं घ्या नाहीतर 'डबल ई'चं, अर्थाशी त्याचा संबंध नाही. भारतात डबल ई जास्त, अरब आणि युरोपात आय जास्त. अडचण येते ती दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं असलं की, कारण संगणक अक्षर-अक्षर जुळवतो, उच्चार नाही. जन्मदाखल्यात जे घालाल तेच पुढे पासपोर्टपर्यंत न्या. नाव ठरेपर्यंत जन्मनोंद नावाशिवाय करता येते, १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, मग विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे घाई करून चुकीचं स्पेलिंग टाकण्याची गरज नाही.

आणि उद्या हा समीर दुबईला गेला तर ओळखपत्रावर अरबीत सीन-मीम-ये-रेच येईल. वाऱ्याचा की गप्पांचा, ते कार्डाला कळत नाही.

गावठी_पंडित

शब्दवेडींच्या ओळीला माझी हरकत नाही. वारा पहिला आलाय.

कोकणी_काजू

उर्दू बाजूला आम्ही गप्पा पहिल्या घेऊ, काका.

उर्दूनवीस

बारसेकर, छापायच्या आधी एक. डीटीपीवाल्यांकडच्या जुन्या सॉफ्टवेअरला उजवीकडून डावीकडे लिहिणं कळत नाही. तिथे उर्दू मजकूर पेस्ट केला की अक्षरं सुटी होतात आणि उलट्या क्रमाने लागतात. बाळाचं नाव होतं 'रयमस', आणि उर्दू न वाचणाऱ्याला ते छानच दिसतं. प्रूफ हातात आलं की एवढं बघा: सीन, मीम आणि ये एकाच सलग रेषेत जोडलेले हवेत, ये खाली दोन टिंबं, आणि रे डाव्या टोकाला शेपटीसारखा खाली उतरलेला. चार अक्षरं चार ठिकाणी दिसली तर प्रूफ परत करा. सोपा उपाय म्हणजे नाव मोबाइलवर टाइप करून त्याची पीडीएफ द्यायची, मजकूर द्यायचाच नाही.

बारसेकर

आत्ता प्रूफ उघडून बघितलं. रे उजवीकडे आहे. परत पाठवतोय.

कट्टेकरी

रयमसला शुभाशीर्वाद!